आप्त कोण? युद्धाची बातमी आणि आपली बाजू

(पारनेर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. उपशीर्षके नंतर घातली आहेत.)

पारनेरात बोलायला उभं राहिलं की मलाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. समोरचे निम्मे चेहरे माझ्या वर्गातले आहेत. मी वर्गात काय काय चुकलो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तेव्हा आज एका चुकीपासूनच सुरुवात करतो.

8 मे 2025, गुरुवारची रात्र. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवस झाले होते. घराघरात टीव्ही चालू, वाहिन्यांवर भोंग्यांचे आवाज. अकराच्या पुढे पडद्यावर आलं की नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, बंदर उद्ध्वस्त झालं. पाच मिनिटांत तीच बातमी फोनवर आली, सोबत आगीच्या लोळांचा व्हिडिओ. मी तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पुढे पाठवला आणि वर लिहिलं, "पुन्हा 1971!" लोकांनी झेंडे टाकले, नमस्काराचे हात टाकले. मी समाधानाने झोपलो.

सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो, तर गल्लीतल्या एक ताई दारात उभ्या. त्यांचा मुलगा नौदलात आहे. डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "सर, तुमचा मेसेज आला म्हणून मी खरं धरलं. बाकीच्यांचे मी उघडत पण नाही. रातभर फोन लावत होते, लागेना. देवापुढं दिवा लावून बसले."

बातमी खोटी होती. नौदल अरबी समुद्रात सज्ज होतं, हे नंतर नौदलाच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं, पण त्या रात्री कराचीवर हल्ला झालेला नव्हता. मुलगा सुखरूप होता, दुपारी त्याचा फोन आला. ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यात दरवर्षी एक सत्र प्रमाणशास्त्राचं, म्हणजे ज्ञान खरं कशावरून मानायचं या विषयाचं. त्या विषयाच्या मास्तरने रात्री साडेअकरा वाजता असं का केलं, हा आजचा प्रश्न आहे. उत्तर फक्त माझ्यापुरतं असतं तर तुमची संध्याकाळ घेतली नसती.

आप्त या शब्दाचे दोन अर्थ

न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष. धुरावरून आग ओळखली ते अनुमान. माहीत असलेल्या वस्तूशी साम्य पाहून नवी वस्तू ओळखली ते उपमान. आणि जे मी पाहिलं नाही, तर्कानेही काढलं नाही, पण विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून मानलं, ते शब्दप्रमाण.

युद्धाच्या बाबतीत आपल्याजवळ जवळजवळ फक्त शब्दप्रमाण असतं. पारनेरहून सीमा दिसत नाही. आपल्या तालुक्यातल्या काही गावांना के. के. रेंजवरच्या सरावाचे धमाके ऐकू येतात, तेवढंच आपलं प्रत्यक्ष. राळेगणचे अण्णा हजारे 1965 च्या लढाईत खेमकरण भागात लष्कराचा ट्रक चालवत होते, त्यांना युद्ध प्रत्यक्ष होतं. तुम्हाला-मला ते कुणीतरी सांगावं लागतं.

मग विश्वास कुणावर ठेवायचा? न्यायशास्त्र म्हणतं, आप्तावर. आता इथे गंमत आहे. मराठीत आप्त म्हणजे नातलग. लग्नपत्रिकेत आपण आप्तेष्ट लिहितो. न्यायशास्त्रातला आप्त वेगळा आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन दोन अटी घालतो. आप्ताला ती गोष्ट स्वतःला नीट कळलेली असली पाहिजे, आणि जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. पुढे तो असंही म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, ही कसोटी सगळ्यांना सारखीच. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस. जात, देश, पंथ यांचा आप्त असण्याशी संबंध नाही, हे त्याने तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

आपण काय करतो? शास्त्रातला शब्द उचलतो आणि मराठीतला अर्थ लावतो. सांगणारा आपला असला की खरं, परका असला की खोटं. त्याला कळलंय का, हे विचारत नाही. तो आपल्यातला आहे का, हे पाहतो. युद्धाच्या बातमीवर राजकीय समर्थक ज्या प्रतिक्रिया देतात त्यांची किल्ली इथे आहे, असं मला वाटतं. आणि समर्थक म्हटल्यावर कुणा एका पक्षाचे समर्थक डोळ्यांपुढे आणू नका. मी सगळ्यांविषयी बोलतोय, माझ्यासकट.

माझ्या बाबतीत तर आणखी एक भानगड झाली. 1971 च्या डिसेंबरात नौदलाने खरोखरच कराची बंदरावर हल्ला केला होता. 4 डिसेंबर हा नौदल दिन त्याचीच आठवण आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो, रेडिओभोवती आम्ही पोरं घोळका करून बसायचो. म्हणजे त्या रात्री मी 2025 ची बातमी वाचतच नव्हतो. माझ्या तरुणपणाची वाचत होतो. बातमी आधीच मनात तयार होती, फोनने फक्त तिला व्हिडिओ पुरवला.

पानिपतची बातमी आणि भाऊसाहेबांचा तोतया

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाइलमुळे. मोबाइलमुळे वेग आला, हे खरं. पण रोग जुना आहे. आपल्याच इतिहासातलं उदाहरण घेऊ.

14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना बातमी लागायला दहाएक दिवस गेले. आणि ती कशी लागली, तर परंपरेने सांगतात की एका सावकाराचं सांकेतिक पत्र हाती पडलं. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता. मोती म्हणजे कोण आणि मोहरा म्हणजे कोण, हे कळायला पेशव्यांना वेळ लागला नाही.

मला या गोष्टीत रस आहे तो सावकारामुळे. सावकाराच्या हुंड्या अडकलेल्या होत्या. त्याला विजयाची गोड बातमी नको होती, खरी हवी होती. खोटी बातमी त्याला परवडणारी नव्हती. वात्स्यायनाच्या दोन अटींना मी व्यवहारातली एक तिसरी अट जोडतो. सांगणाऱ्याला खोटं परवडतंय का, हे पाहा. ज्याला परवडत नाही, त्याचं आधी ऐका.

आता दुसरी बाजू. सदाशिवरावभाऊ पडले, पण महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ते मानवलं नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारलं नाही, असं सांगतात. ते दुःख आहे, त्याला आपण नाव ठेवू शकत नाही. मग काही वर्षांनी एक माणूस उभा राहिला, म्हणाला, मीच भाऊ. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

पण 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर आला, त्याच्याभोवती माणसं जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. हे कसं झालं? नारायणरावांचा खून झाला होता. एकीकडे राघोबादादा, दुसरीकडे बारभाई आणि नाना फडणवीस. पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्यांना हा भाऊ सोयीचा होता. माणूस तोच होता, चेहरा तोच होता. पुरावा काही बदललेला नव्हता, पुण्यातलं राजकारण बदललं होतं. शेवटी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

या प्रकरणात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. पहिल्यांना दुःख सोसत नव्हतं म्हणून ती तोतयाला भाऊ मानत होती. दुसऱ्यांना नाना फडणवीस नको होते म्हणून ती तोतयाला भाऊ म्हणत होती. वरून पाहिलं तर दोघांची घोषणा एकच. आजही एखाद्या खोट्या बातमीखाली हजार लोक 'खरं आहे' म्हणतात, तेव्हा त्यांत घाबरलेले असतात आणि हिशेबी असतात. सरसकट सगळ्यांना मूर्ख म्हणणं चूक आहे. घाबरलेल्याशी वेगळं बोलायचं असतं, हिशेबी माणसाशी वेगळं.

10 मेची संध्याकाळ

आता पुन्हा 2025 मध्ये येऊ. 10 मे, शनिवार. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या समाजमाध्यमावर जाहीर केलं की भारत आणि पाकिस्तान थांबायला तयार झाले आहेत. थोड्या वेळाने आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री पत्रकारांसमोर आले. दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये बोलणं झालं आणि 5 वाजल्यापासून गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं, एवढं त्यांनी सांगितलं आणि निघून गेले.

मी तीन ग्रुपवर आहे. एक घरचा, एक जुन्या विद्यार्थ्यांचा, एक निवृत्त प्राध्यापकांचा. त्या संध्याकाळी मी मुद्दाम काही न लिहिता वाचत बसलो. चार वाजेपर्यंत जे लाहोर, कराची, पाकव्याप्त काश्मीर घ्या म्हणत होते, ते सहा वाजता संतापले. आपलेच सरकार आपल्याला फसवून गेले, असं त्यांना वाटलं. तासाभराने ते गप्प झाले. आणि दोन दिवसांनी त्यांच्यातलेच काही लिहायला लागले की वेळेवर थांबणं हीच खरी मुत्सद्देगिरी. आता समोरची बाजू बघा. चार वाजेपर्यंत जे युद्ध नको, चर्चा करा म्हणत होते, त्यांच्यातले काही सहा वाजता विचारू लागले, का थांबलात? इंदिरा गांधींचे 1971 चे फोटो फिरू लागले. देशभर काँग्रेसच्या समर्थकांनी ते फिरवले, तसे आमच्या ग्रुपवरही आले.

म्हणजे दोन तासांत दोन्ही बाजूंनी जागा बदलल्या. शस्त्रसंधी चांगली की वाईट, यावर दोन्ही बाजूंना प्रामाणिक मत असू शकतं. बातमी ट्रम्प यांच्याकडून आधी का कळली, हा प्रश्न विचारण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे. पण ज्याचं मत थांबण्याविषयी असतं, ते थांबवणारा कोण हे पाहून बदलत नाही. इथे मत शस्त्रसंधीविषयी नव्हतंच. कोणी केली, याविषयी होतं.

यातही नवीन काही नाही. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करार झाला. जिंकलेली हाजी पीर खिंड परत द्यावी लागली म्हणून लोक चिडले, महावीर त्यागी यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून ताश्कंदला होते. दुसऱ्या दिवशी शास्त्रीजी तिथेच वारले. 1972 च्या जुलैत सिमला करार झाला, तेव्हा जनसंघाने तो विजय वाया घालवणारा करार ठरवून विरोध केला. 2025 मध्ये 1971 चे फोटो फिरवणाऱ्यांना सिमल्याची ही चिडचिड आठवत नव्हती. प्रत्येक युद्ध कुठेतरी थांबतं आणि थांबलं की कुणाला तरी दगा वाटतो. ज्यांनी युद्ध फक्त ऐकलं, त्यांना थांबण्यात काही मिळत नाही. मिळतं ते त्या ताईंना.

दुसऱ्याच दिवशी, 11 मेला, माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांनी पुण्यातल्या एका कार्यक्रमात सांगितलं की युद्ध म्हणजे काही रोमांचक गोष्ट नव्हे, सिनेमा तर नव्हेच. त्यांच्या आई सुधा नरवणे. पुणे आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या देणारा त्यांचा संथ, स्वच्छ आवाज आमच्या पिढीच्या कानात अजून आहे. बातमी सांगताना आवाज चढवायची गरज नसते, हे त्या घराला दोन पिढ्या माहीत आहे.

वाद, जल्प, वितंडा

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपल्या विषयाला ते इतके लागू पडतात, की गौतममुनींच्या फोनवरही असेच ग्रुप असावेत अशी शंका येते.

पहिला प्रकार वाद. आज वाद म्हणजे भांडण, पण शास्त्रात हा सगळ्यांत चांगला प्रकार. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं, त्यामुळे हरलेल्याचाही फायदा होतो. दुसरा जल्प. इथे जिंकायचं असतं, त्यासाठी शब्दांचा छळ चालतो. तिसरा वितंडा. इथे स्वतःचं काही म्हणणंच नसतं, समोरच्याचं मोडायचं एवढंच.

एक उदाहरण देतो. 31 मे 2025 ला सिंगापूरमध्ये आपले संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मुलाखतींमध्ये मान्य केलं की सुरुवातीच्या चकमकीत आपली काही विमानं गेली. आकडा त्यांनी दिला नाही. सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा मात्र साफ चूक आहे, असं ते म्हणाले. आणि तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती सगळ्यांत महत्त्वाची. विमानं किती पडली यापेक्षा ती का पडली, काय चूक झाली, ती कशी दुरुस्त केली, हे महत्त्वाचं आहे.

बघा, हा माणूस वात्स्यायनाच्या कसोटीला उतरतो. त्याला माहीत आहे. गैरसोयीचं असूनही तो सांगतोय. आणि खोटं त्याला परवडत नाही, कारण उद्या त्याच वैमानिकांना पुन्हा पाठवायचं आहे.

आमच्या ग्रुपवर काय झालं? एका बाजूने पहिलं वाक्य गाळलं आणि 'पाकिस्तानचा दावा खोटा' एवढंच फिरवलं. ही तीच मंडळी, जी तीन आठवडे नुकसानीचा शब्द काढणाऱ्याला देशद्रोही म्हणत होती. दुसऱ्या बाजूने दुसरं वाक्य गाळलं आणि 'विमानं पडली, अखेर कबुली' हे असं फिरवलं की जणू विमानं सरकारी पक्षाची होती, देशाची नव्हती. तिसरं वाक्य, चूक शोधून दुरुस्त करण्याचं, कुणीच पुढे पाठवलं नाही. त्यात कुणाचाही विजय नव्हता. पहिल्या दोन बाजूंत जल्प चालला होता. वाद फक्त त्या तिसऱ्या वाक्यात होता.

किंमत कुणी मोजली

आता जरा गंभीर भागाकडे येतो. हे सगळं फोनवरच राहिलं असतं, तर मी म्हटलं असतं, चालू द्या. पण ते फोनवर राहत नाही.

22 एप्रिलला पहलगामजवळ 26 माणसं मारली गेली. त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्राचे होते, तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. मेलेल्यांत नौदलाचा एक तरुण अधिकारी होता, लग्नाला जेमतेम आठवडा झालेला. त्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या पत्नीचा फोटो साऱ्या देशाने पाहिला. त्या दिवशी ती सगळ्यांची मुलगी होती. 1 मेला तिने सांगितलं की गुन्हेगारांना शिक्षा झाली पाहिजे, पण लोकांनी मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये. झालं. जी मुलगी होती ती एका दिवसात परकी झाली. तिच्या चारित्र्यावर बोलेपर्यंत मजल गेली. शेवटी राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला.

विक्रम मिस्री यांचंही तेच. 7 मेपासून रोज ते देशाची बाजू मांडत होते, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्यासोबत. तेव्हा त्यांचं कौतुक. 10 मेला त्यांनी सरकारने ठरवलेलाच निर्णय वाचून दाखवला, तर त्यांना आणि त्यांच्या मुलीला इतक्या शिव्या पडल्या की त्यांनी एक्सवरचं आपलं खातं बाहेरच्यांना बंद केलं. निर्णय सरकारचा आणि शिव्या निरोप्याला. जुन्या काळी दूताला मारू नये असा दंडक होता, तेवढाही आपण पाळला नाही.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं, पुण्याचं. जम्मू-काश्मीरहून शिकायला आलेली 19 वर्षांची विद्यार्थिनी. ऑपरेशन सिंदूरबाबत सरकारवर टीका करणारी दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट तिने पुढे पाठवली. धमक्या आल्या, चूक कळली, दोन तासांत तिने ती काढली, माफी मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. 27 मेला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिला जामीन दिला, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसता यावं म्हणून लगेच सोडायला सांगितलं.

त्या पोस्टमधलं मत मला पटतं असं नाही. पण एक तुलना मनातून जात नाही. तिने एक पोस्ट पुढे पाठवली आणि दोन तासांत काढली. मीही एक पोस्ट पुढे पाठवली, तीही धादांत खोटी, आणि एका आईला रात्रभर जागं ठेवलं. तिला तुरुंग. मला झेंडे आणि नमस्कार. फरक खऱ्या-खोट्याचा नव्हता. मी आप्त होतो, मराठी अर्थाने. ती नव्हती.

दोन आक्षेप

हे मी आधी एकदा बोललो, तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा. "सर, पाकिस्तानही खोटंच पसरवत होता. मग आपण खरं सांगत बसायचं का? हेही युद्धच आहे." पाकिस्तान खोटं पसरवत होता, हे मान्य. आर्मा 3 नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं दोन्ही देशांत खरी लढाई म्हणून फिरली. पण मला एवढंच सांगा, माझा कराचीचा मेसेज कुठे गेला? कराचीत एकही माणूस त्याने घाबरला नाही. तो पारनेरच्या एका गल्लीत गेला आणि आपल्याच नौसैनिकाच्या आईला लागला. ज्याला आपण शस्त्र समजतो, त्याचं तोंड कुणाकडे आहे ते तरी पाहावं. शत्रूला फसवणं हे सैन्याचं काम असतं, आणि ते त्यांना जमतं. शेजाऱ्याला फसवून ते होत नाही.

दुसरा आक्षेप. "युद्ध चालू असताना शंका काढणं म्हणजे सैन्यावर अविश्वास." मी म्हणतो, त्या चार दिवसांत सैन्य काय बोलत होतं ते पुन्हा काढून वाचा. नऊ ठिकाणं, दहशतवाद्यांचे तळ, कारवाई मोजूनमापून केलेली, वाढवण्याचा हेतू नाही. इतकी काटेकोर भाषा. इस्लामाबाद पडलं, कराची जळतंय, हे सैन्याने कधीच म्हटलं नाही. ते वाहिन्यांनी म्हटलं आणि आपण पुढे पाठवलं. मग सैन्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता? ज्यांना सैन्याने सांगितलेलं पुरेसं वाटलं नाही, त्यांचा. म्हणजे त्या रात्री माझा.

पक्षावर प्रेम करायला माझी हरकत नाही. मी स्वतः आयुष्यभर एकाच पक्षाला मत देत आलोय, कुठल्या ते सांगणार नाही, तुम्ही ओळखलंच असेल. निष्ठा चांगली गोष्ट आहे. पण निष्ठेने काय करावं हे ठरतं, काय घडलं हे ठरत नाही. ते घडून गेलेलं असतं. कराचीला त्या रात्री आग लागली की नाही, हे माझ्या मताला विचारून होणार नव्हतं.

मग करायचं काय

लांबलचक उपाय माझ्याजवळ नाहीत. मी स्वतःपुरतं तीन गोष्टींचं बंधन घेतलंय.

एक, युद्धाची बातमी रात्री पुढे पाठवायची नाही. सकाळपर्यंत थांबायचं. पेशव्यांना पानिपत कळायला दहा दिवस लागले, मला आठ तास जास्त नाहीत. आणि पुढे पाठवल्याने मी युद्धात काही भर घालत नाही.

दोन, बातमी वाचून खूप आनंद झाला, तर ती दोनदा तपासायची. वाईट बातमी आपण तपासतोच. फसतो ते गोड बातमीने.

तीन, चुकीचं पाठवलं असेल, तर ज्या ग्रुपवर पाठवलं त्याच ग्रुपवर, नावानिशी, चूक झाली म्हणून लिहायचं. मेसेज गुपचूप काढून टाकायचा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. मी 9 मेला दुपारी लिहिलं, "काल मी पाठवलेली कराचीची बातमी खोटी होती. खात्री न करता पाठवली, ही माझी चूक." झेंडे टाकणाऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. एक जण ग्रुप सोडून गेला. एका जुन्या विद्यार्थ्याने खाजगीत विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मला त्याचा राग आला नाही. प्रश्न प्रामाणिक होता. त्याला दोनच बाजू दिसत होत्या, आणि बातमी दुरुस्त करणारा माणूस समोरच्या बाजूला गेला असंच त्याला वाटत होतं. मी त्याला लिहिलं, बाळा, तुझ्या घरापासून चौथ्या घरात एक बाई आहेत, त्यांचा मुलगा जहाजावर आहे. त्यांना खरी बातमी लागते. मी त्यांच्या बाजूचा.

त्याचं उत्तर आलं नाही. पण दोन दिवसांनी ताई म्हणाल्या, तो पोरगा येऊन गेला, चहा घेतला, मुलाची चौकशी केली. मी याहून जास्त काही मिळवलं असं म्हणणार नाही. त्याचं मत बदललं का, मला माहीत नाही. चौथं घर त्याला दिसलं, एवढं खरं.

सेनापती बापट याच पारनेरात जन्मले, 12 नोव्हेंबर 1880 ला. त्यांना सेनापती ही पदवी कुठल्या रणांगणावर मिळाली नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाणार होत्या, त्या सत्याग्रहात मिळाली. या गावाला लढाई म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. लढाईची बातमी कशी ऐकावी आणि कशी सांगावी, एवढंच मला आज म्हणायचं होतं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि ताई मागच्या ओळीत बसल्या आहेत, त्यांच्यासमोर हे सांगायला त्यांनी मला परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.